चांदोलीत वाघ चालत आले, मग वाघीण गाडीतून का न्यावी लागली?

सह्याद्रीच्या घनदाट जंगलात सोडलेल्या वाघिणीची गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यालाही का माहीत हवी? समजून घेऊया

कुंभार पिंपळगाव (जि. जालना) : कारखान्यांचे बॉयलर पेटले की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. काही जवळच्याच कारखान्यांवर थांबतात. काही थेट सातारा, सांगली, कोल्हापूर गाठतात. वारणा आणि कृष्णा खोऱ्यातल्या फडांजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. तिथून पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे. त्याच रांगेत चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण तिथं सोडण्यात आली.

अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. 'सह्याद्रीत पुन्हा डरकाळी' ही पहिली. 'आता उसात वाघ येणार' ही दुसरी. दोन्ही अर्धवट आहेत. खरा प्रश्न वेगळाच आहे. चांदोलीत वाघ आधीपासून होते आणि ते स्वतःच्या पायांनी आले होते. मग वाघीण राज्याच्या दुसऱ्या टोकाहून गाडीत घालून का न्यावी लागली?

नेमकं काय घडलं?

केंद्र सरकारने विदर्भातल्या ताडोबा-अंधारी आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांतून एकूण ८ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवायला परवानगी दिली आहे. त्यात ३ नर आणि ५ माद्या आहेत. वन विभागाने या मोहिमेला 'ऑपरेशन तारा' असं नाव दिलं आहे.

पहिली आली ती ताडोब्याची 'चंदा' ही वाघीण. तिला गळ्यात रेडिओ कॉलर बसवून चांदोलीतल्या सोनार्ली इथं कुंपण घातलेल्या जागेत ठेवलं गेलं. नव्या जंगलाची सवय व्हावी म्हणून हा मधला मुक्काम असतो. काही दिवसांनी दार उघडलं आणि ती मोकळ्या रानात गेली. बाकीचे वाघ टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलं.

चांदोली म्हणजे कसलं जंगल?

आपल्या डोळ्यांसमोर 'जंगल' म्हटलं की सागाची, उन्हाळ्यात उघडी पडणारी झाडं येतात. चांदोली तसं नाही. इथं सदाहरित आणि निमसदाहरित वन आहे. म्हणजे बरीचशी झाडं बारा महिने हिरवी, वर फांद्यांचं छत इतकं दाट की दुपारीही खाली अंधारल्यासारखं. अंजनी, पिसा, जांभूळ, आंबा, हिरडा ही इथली झाडं. जालना जिल्ह्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चांदोली-कोयनेच्या डोंगरमाथ्यावर एवढा पाऊस जुलैच्या एखाद्या चांगल्या आठवड्यात पडून जातो. याच पट्ट्यातल्या पाथरपुंज गावाचं नाव अलीकडं देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत घेतलं जातं.

काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत :

• चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर ते पसरलं आहे.

• २०१० मध्ये चांदोली आणि उत्तरेकडचं कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तयार झाला. एकूण क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ६०० चौरस किलोमीटर भाग गाभा क्षेत्र, बाकीचं बफर. पश्चिम महाराष्ट्रातला हा एकमेव व्याघ्र प्रकल्प.

• २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्राची चार आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

इथं बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, भेकर, रानकुत्री आहेत. सशाएवढं पिसोरी हरीण आहे. राज्यप्राणी शेकरू आहे. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरतच नाही, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारत फिरतं. झाडांच्या छताला मध्येच मोठं भगदाड पडलं की त्याचा रस्ता तुटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वाघाच्या बाबतीतही शेवटी प्रश्न रस्त्याचाच आहे.

वाघ होते, मग अडचण काय होती?

व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यानंतर कित्येक वर्षं इथं वाघाचे फक्त ठसे आणि विष्ठा सापडत. 'वाघ नसलेला व्याघ्र प्रकल्प' अशी थट्टाही झाली. २०१८ मध्ये चांदोलीत वाघ कॅमेऱ्यात आला. पुढच्या काही वर्षांत तीन वाघांची ओळख पटली. वन विभागाने त्यांना सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावं दिली. यातला एक वाघ आधी राधानगरीत कॅमेऱ्यात दिसला होता, नंतर तोच शंभरेक किलोमीटर उत्तरेला चांदोलीत सापडला.

नावांवरून लक्षात आलंच असेल. तिघंही नर आहेत.

हा योगायोग नाही. वाघाचा बच्चा साधारण दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. नर असेल तर तो नव्या इलाख्याच्या शोधात शेकडो किलोमीटर चालतो. मादी सहसा तेवढी लांब जात नाही, आईच्या इलाख्याला लागूनच आपली जागा करते. त्यामुळं एखाद्या रिकाम्या जंगलात आधी पोहोचतात ते नर. मादी तिथं पोहोचायची तर मधल्या प्रत्येक टप्प्यावर वाघिणी स्थिरावायला हव्यात. म्हणजे मधलं जंगल फक्त ओलांडण्याजोगं असून चालत नाही, पिलं वाढवण्याजोगं असावं लागतं.

दक्षिणेकडून म्हणजे कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पातून, गोव्याच्या म्हादई अभयारण्यातून, तिलारी, आंबोली, राधानगरीमार्गे चांदोलीपर्यंत वाघांचा हा रस्ता आहे. नर तो कसाबसा पार करतात. माद्यांसाठी तो तुटलेला आहे. गाडीतून वाघीण आणावी लागली, त्याचं कारण हे.

मराठवाड्यात आलेल्या वाघाचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ५०० किलोमीटर चालत आला होता. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. एका नर वाघाला ते पुरणार नाही, हे उघड होतं. त्याने धाराशिव आणि बार्शी भागात जनावरं मारायला सुरुवात केली. तेव्हा त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. पथकं बरेच दिवस मागावर होती, पण वाघ काही हाती लागला नाही.

त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक कॉलर लावलेला वाघ तेलंगणा, मराठवाडा आणि विदर्भातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण पायपीट ३,००० किलोमीटरवर गेली. २०२१ मध्ये कन्नडजवळच्या गौताळ्यात वाघ दिसला.

हे सगळे वाघ शेतांतून, ओढ्याकाठच्या झुडपांतून, रात्रीचे रस्ते ओलांडत आले. हे सगळेही नरच होते. म्हणजे जी गोष्ट चांदोलीची, तीच येडशीची आणि गौताळ्याची.

ताडोब्यातूनच का?

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. २०१८ मध्ये ते ३१२ होते. या वाढीचा मोठा भाग विदर्भात, त्यातही चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिथं वाघ जंगलाबाहेर गावांच्या शिवारात राहतात, माणसं मारली जातात, वाघही मरतात. एका जिल्ह्यात वाघांची दाटी आणि दुसऱ्या टोकाला ६०० चौरस किलोमीटरचं गाभा जंगल जवळपास रिकामं. हा तोल साधण्याचा प्रयत्न म्हणून हे स्थलांतर.

पण विदर्भातली वाघीण कोरड्या पानगळीच्या जंगलात, चितळांच्या कळपांत वाढलेली असते. चांदोलीत सहा हजार मिलिमीटरचा पाऊस, दाट झाडी, कडे आणि पठारं. तिथं तिला शिकार करायला नव्याने शिकावं लागेल.

वाघ आणून सोडला की काम झालं?

नाही. याआधीची तीन उदाहरणं बघू.

पन्ना, मध्य प्रदेश : शिकारीमुळं इथले वाघ संपले. २००९ मध्ये बांधवगड आणि कान्ह्यातून वाघिणी आणल्या, मग पेंचमधून टी-३ हा नर आणला. काही दिवसांतच तो परत पेंचच्या दिशेने चालू लागला. वनकर्मचारी महिनाभर हत्तींवरून, गाड्यांतून त्याच्या मागावर राहिले आणि त्याला पकडून परत आणलं. २०१० मध्ये पिलं झाली. आज पन्नात ५० हून अधिक वाघ आहेत.

सातकोसिया, ओडिशा : २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून 'महावीर' आणि 'सुंदरी' ही जोडी आणली. आसपासच्या गावांचा विरोध होता, तो नीट ऐकला गेला नाही. काही महिन्यांत महावीर मेलेला सापडला. सुंदरीवर माणसं मारल्याचा ठपका आला, तिला बंदिस्त ठेवावं लागलं आणि शेवटी २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवलं.

सिमलीपाल, ओडिशा : २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची 'झीनत' तिथं नेली. मोकळी सोडल्यावर ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालच्या बांकुऱ्यापर्यंत गेली. डिसेंबरअखेर तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं.

पन्ना आणि सातकोसिया या दोन्ही ठिकाणी वाघ मध्य प्रदेशातलेच होते. फरक पडला तो वाघ सोडल्यानंतरच्या कामात : रात्रंदिवस पाळत आणि शेजारच्या गावांचा विश्वास.

तिच्या पोटाचं काय?

एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठ्या प्राण्यांची शिकार लागते. त्यासाठी जंगलात त्याच्या वाट्याचे सुमारे ५०० तृणभक्षी प्राणी असावे लागतात, तरच कळप घटत नाहीत. आता साधा गुणाकार करा. आधीचे ३ आणि नवे ८, असे ११ वाघ. म्हणजे सुमारे ५,५०० गवे, सांबर, चितळ, भेकर, डुकरं.

सदाहरित जंगलाची इथं एक अडचण असते. झाडांचं छत दाट असलं की खाली ऊन पोहोचत नाही आणि ऊन नाही तर गवत नाही. त्यामुळं अशा जंगलात हरणांची संख्या मुळातच कमी राहते. गवत मिळतं ते माथ्यावरच्या सड्यांवर आणि उठून गेलेल्या गावांच्या जुन्या शेतांत. म्हणून तिथली कुरणं राखण्याचं काम सुरू आहे आणि सागरेश्वरसारख्या ठिकाणांहून चितळ आणून सोडले आहेत.

'उठून गेलेल्या गावांची शेतं' या शब्दांवर मात्र थोडं थांबायला हवं.

ज्यांनी गाव सोडलं, त्यांना काय मिळालं?

आज जिथं गवे चरतात तिथं कधी काळी नाचणी आणि वरीची शेतं होती. या भागातल्या लोकांना दोनदा उठावं लागलं. आधी कोयना आणि वारणा धरणांसाठी, नंतर अभयारण्यासाठी. त्यातल्या अनेकांच्या जमिनीचा, घराच्या प्लॉटचा, नागरी सुविधांचा हिशेब वर्षानुवर्षं मिटला नाही. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली या धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्तांनी कितीदा तरी ठिय्या आंदोलनं केली.

जायकवाडीत गाव गेलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. वाघिणीसाठी कुंपण, कॉलर, डॉक्टर आणि चोवीस तासांचं पथक उभं राहू शकतं. मग ज्यांच्या शेतात तिचं कुरण उभं आहे, त्यांची फाइल वर्षानुवर्षं का फिरते, हा प्रश्न वाघाच्या विरोधातला नाही. उलट, सातकोसियाने दाखवलं की हा प्रश्न टाळला तर वाघही टिकत नाही.

एवढं जंगल पुरेसं आहे का?

व्याघ्र संवर्धनातला ढोबळ हिशेब असा : पिलं देणाऱ्या २० वाघिणी असतील तरच वाघांची संख्या स्वतःच्या बळावर टिकते आणि त्यासाठी ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्वेध जंगल लागतं. सह्याद्रीचं गाभा क्षेत्र आहे ६०० च्या आसपास. म्हणजे आठही वाघ आले, सगळे रुळले, तरी चांदोली-कोयना एकट्याने पुरणार नाही. दक्षिणेकडचा रस्ता लागणारच.

त्या रस्त्यासाठी काही पावलं पडली आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने तिलारी, आंबोली-दोडामार्ग, विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड असे पट्टे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. नकाशावर ते एकामागोमाग एक मणी ओवल्यासारखे दिसतात.

पण मण्यांमधला दोरा कच्चा आहे. आंबा घाटातला महामार्ग, बॉक्साइटच्या खाणी, डोंगर फोडून उभी राहणारी रिसॉर्ट, दोडामार्गात जंगल तोडून लावलेल्या रबर आणि काजूच्या बागा. त्याच्याही खाली गोव्यात जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या जंगलात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जनावर मारल्याचा राग त्यामागे होता. चांदोलीकडं येणाऱ्या रस्त्यावर पिलं वाढवणारी वाघीण होती ती. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. गोवा सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आणलेली वाघीण हा रस्ता तयार होईपर्यंतचा तात्पुरता जोड आहे. नेटवर्क तुटल्यावर एखादा टॉवर बॅटरीवर चालवावा तसं. बॅटरी कामाची असते, पण लाइन जोडण्याचं काम त्याने टळत नाही.

फडातल्या माणसाला धोका आहे का?

आहे, पण तो आजघडीला मुख्यतः वाघाकडून नाही. कराड, शिराळा, शाहूवाडी या पट्ट्यात उसात बिबटे राहतात, उसातच त्यांची पिलं वाढतात. तोडणी सुरू झाली की त्यांचा आडोसा रोज थोडा थोडा कमी होतो. २०२१ मध्ये कराड तालुक्यात ऊसतोड कुटुंबातल्या एका लहान मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. आई-बाप फडात आणि लेकरं फडाच्या कडेला, ही टोळीवरची रोजची परिस्थिती आहे.

वाघ सहसा जंगल धरून राहतो. पण 'वाघ उसात कधीच येत नाही' असंही छातीठोक सांगता येणार नाही. उत्तर प्रदेशात पिलीभीतच्या बाजूला वाघ उसात राहिले आहेत. त्यामुळं कॉलरवरून वाघिणीचं ठिकाण कळतं, तर ती गावांजवळ आल्यावर सूचना सरपंचांसोबत टोळीच्या मुकादमापर्यंतही पोहोचायला हवी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोपीवरचा मजूर नसतो.

टोळीवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं :

• पहाटे आणि सांजेला लेकरांना फडाच्या कडेला एकटं सोडू नये. फडात शिरण्याआधी आवाज करावा.

• बछडे सापडले तर उचलू नयेत, मादी जवळपास असते. तोडणी थांबवून वन विभागाला कळवावं. हेल्पलाइन १९२६.

• राज्याच्या नियमानुसार वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपयांची मदत आहे. बैल, गाय, म्हैस मारली गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं. त्यासाठी घटना लगेच कळवणं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचं न हलवणं महत्त्वाचं.

कुंभार पिंपळगावचा याच्याशी काय संबंध?

चांदोली इथून रस्त्याने चारशेक किलोमीटर आहे. तिथलं पाणी वारणेतून कृष्णेला जातं, आपल्याकडं येत नाही. पण डाव्या कालव्याला जे पाणी येतं त्या गोदावरीचा उगमही सह्याद्रीतच, ब्रह्मगिरीवर आहे. जायकवाडी भरणाऱ्या प्रवरा आणि मुळाही याच रांगेत रतनगड-हरिश्चंद्रगडाकडं उगम पावतात. माथ्यावरचं जंगल पावसाचं पाणी मुरवून धरतं, नदीत गाळ कमी येतो. चांदोलीत जो नियम, तोच आपल्या नदीच्या उगमाशी.

दुसरी गोष्ट जमिनीवरची. जालना हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. 'आमच्याकडं जंगलच नाही, मग वाघाशी काय देणंघेणं' असं वाटणं साहजिक आहे. पण येडशीच्या आणि गौताळ्याच्या वाघांनी दाखवलंय की जंगल नसलेला मराठवाडा हाच त्यांचा रस्ता आहे. ओढ्याकाठची झाडं, गायरानं, पडीक माळ, बांधावरच्या बाभळी. अतिक्रमण आणि रुंदीकरणात जे सगळ्यात आधी जातं, तेच.

शेजारच्या जांबहून निघालेल्या समर्थ रामदासांनी पुढं चाफळ आणि सज्जनगड जवळ केला, तो हाच कोयनेलगतचा डोंगराळ मुलूख. आज इथून तिकडं ऊसतोड टोळ्या जातात. माणसांची ही ये-जा जुनीच आहे.

पुढं काय पाहायचं?

येत्या वर्षभरात 'वाघीण दिसली' या व्हिडिओपेक्षा तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. ती सह्याद्रीतच थांबते का, की झीनतसारखी निघून जाते. तिला पिलं होतात का. आणि पिलं झालीच, तर ती मोठी होऊन बाहेर पडतील तोपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांत, राधानगरी-तिलारीच्या दिशेचा रस्ता शाबूत राहतो का.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी वाघिणीच्या हातात आहेत. तिसरी आपल्या. तिच्या लेकींना पुढच्या जंगलात स्वतःच्या पायांनी जाता आलं, तरच हे स्थलांतर यशस्वी झालं म्हणायचं. नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा एक गाडी विदर्भातून निघेल.